गुडघ्यांपुरती जागा

बेसिनचा टेम्पो मंदाच्या तेराव्यालाच आला. बोईसरच्या दुकानदाराने फोन करून उशिराबद्दल माफी मागितली. मंदाचे यजमान बळवंत म्हणाले, हरकत नाही. जेवायला आलेल्या अर्ध्या माहीम गावाने वाडीतल्या नळावर हात धुतले आणि आत येऊन बेसिनचं कौतुक केलं. खाली दोन दारांचं कपाट, पांढरंशुभ्र, पाण्याने न फुगणारं. बळवंतांची निवड चांगली, यावर एकमत झालं. तेराव्याला सहसा एवढं एकमत होत नाही.

मंदा शेवटी शेवटी चाकांच्या खुर्चीतच असायची. बळवंत तांब्याने पाणी ओतायचे, ती टोपात तोंड धुवायची. एकदा म्हणाली, "मला माझ्या हाताने नळ सोडायचा हाय." तेव्हा त्यांनी मोबाइलवर हे बेसिन दाखवलं होतं. तिने विचारलं, दारं कशाला? ते म्हणाले, साबण, औषधं, सगळं आत राहील. ती म्हणाली, बरं.

आता प्लंबर अंकुशने बेसिन विटांवर ठेवून भिंतीला टेकवलं आणि उंची विचारली. धीरजने, म्हणजे मुलाने, फोनवर सांगितलं होतं की नेहमीच्या उंचीवर लावा, आता उगाच वाकायचं कशाला? मुद्दा बिनतोड होता, म्हणून बळवंतांनी फोन ठेवून दिला होता. खुर्ची पडवीत होती, तिच्यावर टॉवेल वाळत होते. ते काढून त्यांनी खुर्ची न्हाणीत आणली, तिच्यात बसले आणि उंची दाखवायला पुढे सरकले.

गुडघे दारांवर आपटले. नळ हातभर लांब राहिला.

मागे घेऊन पाहिलं, तिरकी लावून पाहिली. नळ तिथेच. मंदाला हे मोबाइलवरच्या फोटोत दिसलं होतं.

"काका, आता बसणार कोण हाय?" अंकुशने हळूच विचारलं.

"कोण नाय. दारं काढ."

दारं निघाली, फळी निघाली, कपाटाचा तळही निघाला. तरी बेसिनखाली मधोमध लोंबणारा ट्रॅप, वास अडवणारं ते वाकडं नळकांडं, गुडघ्याला लागत होता. अंकुशचं म्हणणं, एवढं चालतं, सगळीकडे असंच बसवतात.

"तिला लागंल," बळवंत म्हणाले.

अंकुशने पाइप बेसिनच्या बुडाशीच मागे वळवला आणि ट्रॅप पार भिंतीलगत नेऊन बसवला. विटा काढून बेसिन भिंतीला पक्कं केलं, नळाला पाणी जोडलं, मग आडवा होऊन सांध्यांखाली कोरडा कागद धरला.

बळवंत खुर्चीसकट आत सरकले. गुडघे कुठेच लागले नाहीत. त्यांनी हात पुढे करून नळ सोडला.

"गळत नाय, काका," खालून अंकुश म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला.

पाणी वाहतच राहिलं. अंकुशने हत्यारं गोळा केली, काढलेली दारं पडवीत नेऊन भिंतीला टेकवली. उन्हात ती फारच छान दिसत होती.