आंबे यायच्या आधी

ते पुस्तक आईसाठी मीच घरी आणलं. मी कर्वेनगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे सगळ्यात जास्त हाताळली जातात ती स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, आणि त्यांच्या खालोखाल मन शांत कसं ठेवावं हे सांगणारी. ही दुसऱ्या प्रकारची पुस्तकं मी वर्षानुवर्षं कपाटात लावली, फाटली की चिकटवली, पण उघडून वाचलं एकही नाही. न वाचताच माझं त्यांच्याविषयीचं मत पक्कं होतं. मग आईच्या स्वादुपिंडाचा आजार कळला. डॉक्टर बराच वेळ बोलले, पण 'बरं होणं' हा शब्द त्यांनी टाळला. त्या आठवड्यात मी कपाटातलं एक पुस्तक काढून आणलं. वर्तमानात कसं जगावं, हा त्याचा विषय. मुखपृष्ठावर कमळ.

आई म्हणाली, "कमळ नसतं तर जास्त विश्वास बसला असता. पण वाच."

दुपारी चहाच्या आधी मी मोठ्याने वाचायचे. आई कॉटवर डोळे मिटून ऐकायची. अण्णा बाल्कनीत पेपर घेऊन बसायचे. माझे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. खडकवासल्याचं पाणी कालव्यात किती सोडायचं हे बघण्यात त्यांची नोकरी गेली, आणि घरात बोलण्याचं काम त्यांनी पहिल्यापासून आईकडे सोपवलेलं. आम्ही वाचत असलो की त्यांच्या पेपरचं पान उलटल्याचा आवाज यायचा नाही.

"भूतकाळ ही आठवण आहे आणि भविष्यकाळ ही कल्पना," मी वाचलं.

"याच्याकडे स्वयंपाकाला बाई असणार," आई म्हणाली. "रात्री छोले भिजवायचे राहिले की सकाळी कळतं भविष्यकाळ काय असतो ते."

"ठेवू का मग?"

"ठेवू नकोस. चिडवायला तरी कुणी हवं."

पण त्यातली एक गोष्ट तिने मनावर घेतली. मन पुढे किंवा मागे पळायला लागलं की स्वतःला विचारायचं, समोर काय आहे? आणि समोर जे असेल त्याचं नुसतं नाव घ्यायचं. ते चांगलं की वाईट, हे ठरवायचं नाही. आम्ही ते आधी थट्टेने करायला लागलो. सलाइन लावायला नर्स शीर शोधत असायची आणि आई माझ्याकडे बघून विचारायची, "शेफाली, समोर काय आहे?" मी म्हणायचे, "हिरवा पडदा." ती म्हणायची, "धुवायला झालाय." मी म्हणायचे, "ठरवायचं नाही, आई." मग ती हसायची. पुढे पुढे थट्टा गळून पडली आणि प्रश्न तेवढा राहिला. ती तो रोज विचारायची. पाण्याचा तांब्या. खिडकीतलं ऊन. शेजारच्यांच्या दोरीवरची चादर. अशी नावं घेता घेता तिच्या कपाळावरचा ताण सैल होताना मी पाहिला आहे. जी पुस्तकं मी आयुष्यभर मोठी मानली, त्यांतल्या एकानेही तिला एवढं दिलं नसतं, हे मी मनात कबूल केलं.

एकदाच तिची चूक झाली. थंडी सरत आली होती. तिला उशीला टेकवून मी पपई भरवत होते.

"यंदा मोहोर चांगला आलाय म्हणतात," ती म्हणाली. "आंबे आले ना की आपण..."

ती थांबली. शाळेत चुकीचं उत्तर दिलेल्या मुलीसारखी तिने माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच म्हणाली, "नाही. समोर काय आहे? पपई."

मला बरं वाटलं. तिला जमायला लागलंय असं वाटलं.

फाल्गुनात ती गेली. दुपारी, झोपेत. भेटायला आलेला प्रत्येक जण तेच म्हणाला, किती शांत गेली, चेहऱ्यावर बघा काही आहे का. सोसायटीतल्या सुशीलाबाई म्हणाल्या, "पुस्तकाचा उपयोग झाला हो तुझ्या." मी मान हलवली. ती शांत गेली, या एका वाक्याला धरून मी ते दिवस काढले. जेवले, झोपले, फोन घेतले. ते वाक्य खरं असलं की बाकी सगळं सोसता येणार होतं.

दहावा अण्णांच्या गावी करायचा ठरला. गाव आता गाव राहिलेलं नाही, महापालिकेत गेलंय. पण नदीचा घाट आहे आणि भाऊबंद आहेत. सकाळी घाटावर आमच्याशिवाय आणखी एका घरचा विधी होता. त्यांचा मांडव मोठा होता, त्यांचे प्रवचनकार माइकवर बोलत होते. आमचे गुरुजी त्या आवाजावर आपला आवाज चढवून मंत्र म्हणत होते.

कावळ्यावर माझा विश्वास नाही. हे आधीच सांगते, कारण त्या सकाळी मला ते स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावं लागत होतं. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही. मग घरच्यांनी ती ओळखून, पुरी करू म्हणून शब्द द्यायचा. मी लहानपणापासून हे पाहत आले होते आणि कावळ्यांना सकाळी भूक असते एवढाच त्याचा अर्थ लावत आले होते. तरी अण्णांनी पिंड ओट्यावर ठेवला, शेजारी चुलतीने आईच्या आवडीची कांदाभजी आणि चहाचा कप ठेवला, आम्ही सगळे मागे सरलो, आणि मी झाडावरचे कावळे मोजायला लागले. इच्छा सोडायलाच तर ती शिकत होती. आम्ही दोघी शिकत होतो. आता कुणीतरी परीक्षा घेणार होतं.

बाभळीवर चार-पाच कावळे होते. ते हलले नाहीत.

"लांब व्हा, लांब व्हा," मच्छिंद्रकाका ओरडले. हे अण्णांचे धाकटे भाऊ. गावातल्या प्रत्येक दहाव्याला पुढे असतात. "सावली पडती तुमची."

आम्ही आणखी मागे सरलो. तेवढ्यात एक कावळा उतरला, आमच्या ओट्यावरून गेला आणि शेजारच्यांच्या पिंडाला चोच मारून वर गेला. तिकडे एकच गलका झाला. कुणी रडलं, कुणी हात जोडले. त्यांचे लोक पंक्तीकडे वळले.

"वहिनी!" काकांनी हात जोडून आवाज लावला. "अण्णाची काळजी करू नगा. आम्ही हाय!"

कावळे हलले नाहीत.

"बांधाचं भांडण मिटवतो वहिनी. मी सोता मिटवतो."

"तुम्हीच काढलंय ते," चुलती हळूच म्हणाली.

"गप ए. वहिनी, शेफालीचं लगीन करून देतो! ह्या साली!"

मी एक्केचाळीस वर्षांची आहे. काकांचा विक्रम माझ्या शेजारी उभा होता, तो कानाशी म्हणाला, "ताई, सॉरी हं. बाबा ना, टू मच करतात." मी म्हटलं, "असू दे. आई आता हसत असती." ती खरंच हसली असती.

ऊन चढत होतं. भजी तेल सुटून मऊ पडली होती. लोकांना कामावर जायचं होतं, घड्याळं बघून होत होती. काकांनी अण्णांना पुढे ढकललं. "तू बोल की. नवरा हायस."

अण्णा ओल्या पंच्यात उभे होते. त्यांनी दोनदा तोंड उघडलं. मग म्हणाले, "मी वेळेवर जेवीन."

एवढंच. कावळा आला नाही.

गुरुजी माझ्याजवळ आले. "थोडं थांबू, नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववू. शास्त्रात चालतं. ताई, तुम्ही जवळ होतात त्यांच्या. काही राहिलं होतं का त्यांचं?"

"नाही," असं माझ्या तोंडाशी आलं होतं. काही राहिलं नव्हतं. तिने सगळं सोडलं होतं. ती रोज फक्त समोरचं बघत होती. हे वाक्य माझ्याकडे तयार होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे पपईची फोड आली. आणि माझ्याकडे बघणारी आई, चुकले का मी, असं विचारणारी.

मी ओट्याच्या जवळ गेले. काका ओरडले, "सावली!" मी थांबले नाही. पिंडाजवळ खाली बसले.

"आई," मी म्हटलं. मोठ्याने म्हणायचं ठरवलं होतं, पण आवाज वाचनाचाच निघाला, दुपारच्या. "आंबे अजून आले नाहीत. तुला ते खायचे होते. यंदाचे, आणि पुढचेही. तुला जायचं नव्हतं. मला माहीत होतं. यातलं काही मी तुला देऊ शकत नाही, म्हणून शब्द देत नाही. चूक नव्हती ती तुझी."

मागे कुणीतरी नाक ओढलं. मी वर पाहिलं नाही. समोर पिंड होता, त्यावर वाळत आलेले तीळ होते, चहावर साय धरली होती. त्यापलीकडे नदीचं थोडंसं पाणी होतं. मी त्यांची नावं घेतली नाहीत. नुसती बसून राहिले आणि घरी ज्याला मी दहा दिवस दार उघडलं नव्हतं ते रडू सगळ्या भाऊबंदांसमोर आलं.

कावळा आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाची गाठ मारून कावळा केला, अण्णांच्या हातात दिला, आणि अण्णांनी तो पिंडाला टेकवला. एकदा, आणि मग पुन्हा एकदा. काका पंक्तीच्या गडबडीत गेले. चुलतीने जाताना माझ्या हातात डबा दिला आणि म्हणाली, "मनाला लावून घेऊ नको. पाखरू हाय ते."

विक्रमने आम्हाला गाडीने घरी सोडलं. वाटेत वारज्याला गाड्या तुंबल्या होत्या. अण्णा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "मला वाटत होतं, तिला जमलंय."

"जमलं होतं अण्णा. रोज थोडा वेळ जमायचं."

"आणि बाकीचा वेळ?"

पुढच्या गाड्या हलल्या.

दुपारी चहा ठेवायच्या आधी अण्णा आतून ते पुस्तक घेऊन आले. कमळ बोटांनी झाकून त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. खूण जिथे होती तिथेच होती; शेवटचं प्रकरण आमचं राहिलं होतं. बाल्कनीऐवजी ते आईच्या कॉटवर बसले, तिच्या उशीच्या बाजूला नाही, पायथ्याशी.

मी वाचायला लागले. लेखकाने लिहिलं होतं की एका पहाटे जाग आली तेव्हा त्याला उमगलं, या क्षणात कशाचीच उणीव नसते. जे आहे ते पूर्ण आहे.

"थांब," अण्णा म्हणाले.

मी थांबले. त्यांनी कॉटच्या लोखंडी कडेवर नख घासलं.

"याची बायको जिवंत असणार," ते म्हणाले.

मला हसू आलं. अगदी आईला उत्तर देताना यायचं तसं. त्यांनाही आलं असावं, कारण त्यांचे खांदे हलले. मग ते हलायचे थांबेनात. मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. कमळ वरच्या बाजूला आलं. समोर अण्णा होते.