कमरेचा पट्टा खांद्यावर चढला

मित्रांनो, देव्हाऱ्यात बसून बोलतोय म्हणून मला देव समजू नका. मी कमरेचा पट्टा आहे, तोही जुना. कडा उसवलेल्या, पोटातल्या पट्ट्या वाकलेल्या, आणि घामाचा वास असा की मांजरसुद्धा मला वळसा घालून जातं. तरी रोज माझ्यावर हळद-कुंकू पडतं. ही वेळ माझ्यावर कशी आली ते ऐका. मोठ्या माणसांना सांगून सांगून मी थकलो.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. मला खोक्यात भरलं. खोक्यावर मला बांधून हसणाऱ्या एका माणसाचं चित्र होतं. त्याची पाठ कधी दुखली नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. ज्यांची दुखते ते असं हसत नाहीत.

बेळगावच्या कॅम्पातल्या औषधाच्या दुकानातून मला भावकूनं विकत घेतलं. भावकू पिरनवाडीच्या पलीकडच्या खेड्यातला. सकाळी शेत, मग उद्यमबागेतल्या कारखान्यात लोखंडाचे जड भाग उचलायचे, यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं. एक दिवस वाकून उठताना पाठीतून पायापर्यंत वीज गेली. तपासणीत कळलं की मणक्यांमधल्या गाद्या झिजल्यात. डॉक्टरांनी त्याला व्यायाम शिकायला पारमिता मॅडमकडं धाडलं. ही पारमिता मूळची निपाणीची. तिची आजी जन्मभर तंबाखूच्या वखारीत वाकून बसलेली, त्यामुळं दुखऱ्या पाठी तिनं लहानपणापासून बघितलेल्या.

ती म्हणाली, "काका, झिजलेली गादी परत भरून येत नाही. पण भोवतीचे स्नायू बळकट केले तर दुखणं आवरता येतं. पट्टा थोडेच दिवस. मग रोज व्यायाम आणि चालणं."

एवढ्या बोलण्यातला 'पट्टा' हा एकच शब्द भावकूच्या कानात शिरला.

झालं. मी जेवताना, झोपताना, लग्नात, मयताला. लग्नात तर तो मला सदऱ्यावरून बांधायचा, म्हणजे पंगतीची पातेली उचलायला कुणी हाक मारू नये. गावानंही मला सोडलं नाही. एकदा लोंढ्याला वऱ्हाडाबरोबर गेलो, तो जाताना भावकूच्या कमरेवर, मधे नवरदेवाच्या मामाच्या आणि येताना आचाऱ्याच्या कमरेवर. एकदा चिखलात रुतलेला ट्रॅक्टर मला बांधून ओढला. मी तुटलो नाही, ट्रॅक्टर तुटला. खोटं वाटत असेल तर ट्रॅक्टरला विचारा.

"ह्यो पट्टा हाय म्हणून मी उभा हाय," असं भावकू चारचौघांत सांगायचा. सुरुवातीला मी फुगलो. मग माझ्या ध्यानात आलं की मी धरून ठेवतोय म्हणून त्याची पाठ आळशी होत चालली आहे. दुखणं वाढलं की तो मला आणखी आवळायचा, मी आवळलो की पाठ आणखी ढिली पडायची. व्यायामाची सतरंजी खुंटीवर धूळ खात होती. पारमितानं विचारलं तर म्हणायचा, "करतोय की मॅडम." मी तिथंच ओरडलो, पण मोठ्या माणसांना पट्ट्याचं ऐकू येत नाही.

तशात गावात लक्ष्मीची यात्रा ठरली. आमच्या गावची यात्रा कित्येक वर्षांनी एकदा येते. देवीच्या आसनाखाली लांब लाकडी दांड्या असतात, त्या खांद्यावर घेऊन माणसं भंडारा उधळत देवीला गावभर फिरवतात. उजव्या दांडीचा पुढचा खांदा भावकूच्या घराचा. मागल्या यात्रेनंतर बापानं तो त्याला दिलेला. या खेपेला तो चुकला तर मान चुलतभाऊ रवळूकडं जाणार, आणि एकदा गेलेला मान परत येत नाही. भावकूनं ठरवलं, पट्टा दोन बोटं जास्त आवळायचा आणि उचलायचं.

एका संध्याकाळी अंगणात त्यानं सराव मांडला. एका वाशाला मधोमध भाताचं पोतं बांधलं, मागचं टोक रवळूच्या खांद्यावर, पुढचं स्वतःच्या. मला करकचून आवळलं. तो उठायला लागला, पाठ थरथरली, आणि मी चर्रर्र करून सुटलो. लोक म्हणतात वेल्क्रो झिजला होता. म्हणू देत. मी मुद्दाम सोडलं.

भावकू खाली बसला तो उठेना. रवळू म्हणाला, "अण्णा, देवी तू उचलशील, पण तुला कोण उचलायचं?"

भावकू दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडून होता. मग त्याची बायको जयाबाई मला पिशवीत कोंबून पारमिताकडं घेऊन गेली आणि सगळं खरं सांगून टाकलं. पारमिता रागावली नाही. वजन उचलायचं नाव काढायचं नाही, म्हणाली. पण मिरवणुकीत दिवसभर चालायचं असेल, तर आजपासून पट्टा खुंटीवर आणि सतरंजी जमिनीवर.

परत येताना जयाबाई रवळूच्या दारात थांबली. "रवळू, तू ह्यांच्यापेक्षा चांगला उंच हाईस. दांडीला ह्यांच्या पाठोपाठ लाग. वजन तुझं, मान ह्यांचा. जमंल का?"

रवळूनं आपला खांदा चाचपला. मग म्हणाला, "मागल्या यात्रेत मी अण्णाच्या खांद्यावर बसूनच देवी बघितली व्हती, वैनी. जमंल."

मी खुंटीवर गेलो. भावकू सतरंजीवर आडवा पडून गुडघे वाकवायचा, कंबर हळूच उचलायचा, शिव्या घालायचा. सकाळ-संध्याकाळ बांधावरून चालायचा. कारखान्यात उचलायचं सोडून मालाच्या तपासणीचं काम मागून घेतलं. काही दिवस बरे जायचे, काही इतके वाईट की तो माझ्याकडं आशेनं बघायचा. जयाबाईनं खुंटी आणखी उंच ठोकली.

यात्रेचा दिवस उजाडला. दांडी उचलली गेली, भार रवळूच्या खांद्यावर बसला, आणि पुढं भावकूचा खांदा व दांडी यांच्यात चार बोटांची फट राहिली. लोक बघायला लागले. भावकूचा चेहरा पडला. तेवढ्यात जयाबाई गर्दीतून आली, अडीनडीला म्हणून पिशवीत घेतलेल्या मला बाहेर काढलं, माझी चौपदरी घडी घातली आणि त्या फटीत सारलं. खांदा लागला. भंडाऱ्यानं मी पिवळाधमक झालो. भावकू गावभर चालला, कमरेला काही न बांधता. पाठ दुखत होती. पण संध्याकाळी जमिनीवरून उठताना त्यानं कुणाचा हात मागितला नाही.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण गावात बोभाटा झाला की भावकूनं पट्ट्याच्या जोरावर देवी उचलली. शेजारणींनी मला देव्हाऱ्यात बसवलं. आता लोक येतात, माझ्यावर पाठ घासतात, नवस बोलतात. सतरंजीबद्दल एकानंही विचारलेलं नाही. सांगा, चिडू नको तर काय करू?

काल निपाणीहून एक ट्रक ड्रायव्हर वाकडा होत आला आणि माझ्यापुढं हात जोडून उभा राहिला. भावकू खालीच सतरंजीवर पडलेला, गुडघे वाकवून. न उठताच म्हणाला, "पट्टा खुशाल घेऊन जावा. पण आधी हितं माझ्या शेजारी पडा."

ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं, भावकूकडं बघितलं, आणि कण्हत कण्हत आडवा झाला. हात जोडलेले तसेच राहिले होते. भावकूनं ते सोडवून त्याच्या अंगाबाजूला ठेवले.

मित्रांनो, माझ्यावरचं कुंकू पुसा. माझी जागा खुंटीवर आहे. आणि घरात कुणाची पाठ दुखत असेल, तर त्यांची सतरंजी तेवढी खाली काढून द्या.