हलका हात

“पाय सैल सोड गं. लाकडासारखा का धरलायस?” मावशीने भाचीच्या गुडघ्याखाली छोटी उशी सरकवली आणि वर गार जेल ओतलं.

“काही झालेलं नाही म्हणून सांग तिला,” कोपऱ्यातल्या स्टुलावरून मुलीची आई, म्हणजे मावशीची मोठी बहीण, म्हणाली. “शाळेची वेळ झाली की बाईसाहेब लंगडतात. दुपारी बघ, नुसत्या उड्या! नाटक कंपनीच काढ म्हटलं.”

भाची हसली नाही. छताकडे बघत राहिली.

मावशी सोनोग्राफी तंत्रज्ञ. मुलांचे सांधे बघण्यातच तिच्या नोकरीची सगळी वर्षं गेली होती. घरच्या माणसाच्या अंगावर प्रोब, म्हणजे तपासणीचा हातातला दांडा, धरायचा नाही, हा तिचा नियम. पण कामावरची जोडीदारीण रजेवर होती. आणि सकाळी लंगडणं, दुपारी पळणं हे फोनवर ऐकल्यावर तिने दोघींना लगेच बोलावून घेतलं होतं. सकाळी आखडणारा सांधा लहान मुलांमध्येही संधिवाताची खूण असू शकतो, हे तिला माहीत होतं. बहिणीला माहीत नव्हतं, म्हणून तिला विनोद सुचत होते.

पडद्यावर हाडाची पांढरी कड उमटली, तिच्यावर कूर्चेच्या मऊ आवरणाचा काळा पट्टा. मुलांमध्ये तो जाडच असतो; त्याला पाणी समजून नवखे दचकतात. ती दचकली नाही. गुडघ्याच्या वाटीच्या वर, सूज असली की जिथे खरंच पाणी साठतं, तिथे काहीच नव्हतं. रक्ताचा प्रवाह दाखवणारं रंगाचं बटण तिने दाबलं. एकही ठिपका नाही.

“स्वच्छ आहे,” ती म्हणाली. आवाज तिलाच परका वाटला.

“बघ! सांगत नव्हते?” बहिणीने पर्स उचलली.

मावशीची नजर खाली गेली. भाचीच्या पायाची बोटं चादरीत रुतली होती.

“दुखतंय का गं?”

भाचीने आधी आईकडे पाहिलं. “नाही.”

मग मावशीला स्वतःचा हात दिसला. अंगठ्याचं नख पांढरंफटक पडलं होतं. शिकाऊ मुलींना ती ज्यासाठी रागवायची, नेमकं तेच. प्रोब दाबला की पाणी बाजूला सरकतं, बारीक रक्तवाहिन्या मिटतात, आणि आजारी सांधा धडधाकट दिसतो. जे बघायचं नव्हतं, ते तिच्या हाताने तिला न विचारताच दाबून टाकलं होतं.

इथेच थांबता आलं असतं. बहीण दाराशी पोचलीच होती.

तिने आणखी जेल घातलं. मनगट सैल सोडलं आणि प्रोब नुसता टेकवून ठेवला.

वाटीच्या वर एक काळी फट उघडली. रुंदावत गेली. तिच्या कडेला नारिंगी ठिपके लुकलुकू लागले, नाडीच्या ठोक्यासरशी.

“ताई, थांब. डॉक्टरांना बोलावते.”

“आत्ता तर स्वच्छ म्हणालीस!”

“चुकले मी. जोर दिला होता. सांध्याच्या आत सूज आहे. औषधं आहेत त्याला, वेळेत कळलंय. पण ती नाटक करत नव्हती, ताई.”

बहीण परत आली. टिश्यू घेऊन गुडघा पुसू लागली, इतक्या अलगद की जेल निघतच नव्हतं.

“मी चालून दाखवू, आई?” भाचीने घाईघाईने पाय खाली सोडला. “नीट चालते बघ.”

आईने तिला उचलून कडेवर घेतलं. एवढी मोठी मुलगी. ती अंग ताठ करून, दोन्ही हात हवेत धरून राहिली. मग एक हात हळूच आईच्या मानेवर टेकला.