धुतलेला प्रयोग

मावशीच्या घरात धूळसुद्धा परवानगी काढून यायची. जन्मभर तिने एका मोठ्या इस्पितळातल्या खोल्या धुतल्या, पुढे सफाईच्या बायकांची प्रमुख झाली, आणि निवृत्त होताना शिस्त आणि फिनेलचा वास दोन्ही घरी घेऊन आली. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांशी तिचं हाडवैर. आणि गंमत बघा, आईवेगळी म्हणून जिला तिने लहानाची मोठी केली, त्या भाचीने नेमक्या तसल्याच जिवांवर संशोधन करायचं ठरवलं.

भाचीला लहानपणी ‘का’ विचारायची इतकी खोड होती की मावशीने तिचं नाव प्रश्नाबाई ठेवलं. आता प्रश्नाबाईची प्रयोगशाळा होती, हाताखाली माणसं होती. पण शेजारणीने विचारलं की मावशी सांगायची, “जंतू पाळते ती.” त्यात कौतुक किती आणि कीव किती, देव जाणे. मायक्रोस्कोपला तिने एकदाही डोळा लावला नव्हता. “मला काय कळतंय त्यातलं,” म्हणायची आणि फडकं उचलायची. प्रश्नाबाईला हे फार लागायचं. जिच्या जिवावर शिकलो, तिलाच आपलं काम दाखवता येत नाही, तर शिकून काय दिवे लावले?

म्हणून या रविवारी तिने हट्टच धरला. गल्लीतल्या वाचनालयात तिचा कार्यक्रम होता: बोलायचं आणि मग सगळ्यांना मायक्रोस्कोपमधून दाखवायचं. मागच्या खेपेला तिने पडद्यावर आलेख दाखवले होते आणि पहिल्या रांगेतले आजोबा मनसोक्त घोरले होते. या वेळी ती खरी, चालती-फिरती पाणअस्वलं दाखवणार होती. शेवाळात राहणारा, टाचणीच्या टोकाहूनही लहान असा हा प्राणी. खूप आर्जवं केल्यावर मावशी म्हणाली, “येते. पण मागे बसेन.”

आदल्या संध्याकाळी प्रश्नाबाईने प्रयोगशाळेतून मायक्रोस्कोप आणि ओल्या शेवाळाची काचेची बशी आणली आणि बशी ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवली.

सकाळी बशी मांडणीत उभी होती. लखलखीत.

“मावशी, यातलं शेवाळ?”

“किती घाण साचली होती गं त्यात! उकळतं पाणी ओतलं, घासलं आणि टाकलं.”

प्रश्नाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. प्रयोगशाळा बंद, कार्यक्रम अकराला. रागाच्या भरात ती बोलून गेली, “तुला ना, मी काय करते ते जन्मात कळणार नाही!”

घालायला काढलेली चांगली साडी मावशीने घडी करून परत कपाटात ठेवली. “तू जा. मी आले तर आणखी काहीतरी बिघडायचं.”

प्रश्नाबाईला स्वतःचाच राग आला, पण माफी मागायला आधी शेवाळ तर हवं. ती घरभर शोधत फिरली. न्हाणीघर, नळाची खाच, कुंड्यांच्या खालच्या ताटल्या. मावशीच्या घरात शेवाळ शोधायचं म्हणजे टकल्याच्या डोक्यात कोंडा. शेवटी ती गच्चीवर गेली. कठड्यालगत काळपट, करपल्यासारखं शेवाळ पसरलं होतं, पावलाखाली कुरकुरत होतं. तिथे वर्षभर ब्रश फिरलेला नव्हता. गुडघे दुखतात म्हणून मावशीने जिना सोडला, आणि हे आपल्या लक्षातही आलं नाही, या विचाराने प्रश्नाबाई क्षणभर कठड्याला टेकून उभी राहिली.

तिने शेवाळ खरवडलं, बशीत घालून पाणी ओतलं आणि बशी थेट मावशीच्या हातात दिली. “मला मायक्रोस्कोप उचलायचाय. हे तू धर. सांडता कामा नये.”

काम अंगावर पडल्यावर नाही म्हणणं मावशीच्या रक्तातच नव्हतं. तिने साडी परत काढली.

वाचनालयात प्रश्नाबाई उभी राहिली आणि पाठ केलेलं भाषण विसरून म्हणाली, “आज सकाळी माझ्या मावशीने माझा प्रयोग उकळत्या पाण्याने धुतला.” हॉल हसला. मावशीने असे डोळे वटारले की घोरणारे आजोबाही सावरून बसले. मग प्रश्नाबाईने गच्चीची गोष्ट सांगितली: पाणी आटलं की हा प्राणी पाय पोटाशी घेतो, वाळून कणासारखा होतो, आणि पाण्याची वाट बघत पडून राहतो. कुणी जांभई दिली नाही. रांग लागली. बघून झालेले लोक परत रांगेत जाऊन उभे राहिले.

मावशी बशी धरून बाजूला उभी होती. “आधी त्यांना बघू दे,” म्हणत राहिली. शेवटी कुणी उरलं नाही, तेव्हा तिने चष्मा काढला आणि वाकली.

प्रश्नाबाईने काच हळूच सरकवून दिली.

“अगं, याला पाय आहेत.”

“आठ.”

“धडपडतोय बघ, बाळ पहिल्यांदा रांगतं तसा. हा इतके दिवस तिथे उन्हात पडून होता?”

“वाळून पडला होता. सकाळी तू धरलेल्या बशीत उठला.”

मावशी सरळ झाली. “आणि मी धुतलं, त्यातही हे होते?”

खोटं सांगणं सोपं होतं. पण प्रश्नाबाईला मावशीनेच खोटं बोलायला शिकवलं नव्हतं. “होते.”

“मग नीट सांगायचं नाही का मला?” मावशी म्हणाली. “मला वाटायचं, सगळे मारायचेच असतात.”

प्रश्नाबाईने तिचा हात घट्ट धरला.

पुढच्या आठवड्यात ती कामावरून आली तर घरात मावशी नाही. गच्चीतून ब्रशचा खसाखसा आवाज येत होता. ती दोन-दोन पायऱ्या चढत वर धावली. गच्ची आरशासारखी झाली होती. मावशी गुडघे चोळत बसली होती आणि जिना झाडणाऱ्या बाईला बजावत होती. कठड्याच्या कोपऱ्यात हातभर शेवाळ तसंच होतं आणि त्याभोवती खडूची जाड रेघ ओढलेली होती.

“यापुढेही बाकी सगळं घास,” मावशी सांगत होती, “पण रेघेच्या आत ब्रश न्यायचा नाही. तिथे वस्ती आहे.”