हमालांच्या राष्ट्रपतीचं माप

मित्रांनो, मला पायली म्हणतात. माझ्या पोटात चार शेर धान्य मावतं. त्याहून एक दाणा जास्त मी घेत नाही आणि एक कमी देत नाही. सोलापूरच्या भुसार बाजारात महादेवप्पांची धान्याची अडत आहे. तिथल्या कोपऱ्यात, एका फुटक्या सुपाखाली मी पडलेली असते. माझी कीव करायला कुणी आलं असेल तर त्यानं आल्या वाटेनं परत जावं. मी हकीकत सांगणार आहे, गाऱ्हाणं नाही.

बार्शीच्या एका लोहारानं मला जाड पत्र्यातून घडवलं. काठाला लोखंडी पट्टी ठोकली, बाजूला कडी बसवली आणि "हिला आता कुणी पिचकवून दाखवावं," असं म्हणत दगडावर आपटलं. दगडाचा टवका उडाला. मी होते तशीच राहिले. माझा स्वभाव तिथूनच ठरला असावा.

अडतीत आले ती थेट सिद्धाप्पा मापाड्याच्या हातात. शेतकऱ्याचं धान्य मोजून देणं हे मापाड्याचं काम. वीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून ज्वारी, तूर, करडई, हरभरा मोजला. सिद्धाप्पा पहिल्या मापाला कधी 'एक' म्हणत नसे. 'लाभ' म्हणे, आणि मग दोन, तीन, चार. हाताचा एवढा सरळ की काठावरून तळवा फिरला म्हणजे दाणा इकडचा तिकडं होत नसे.

धान्य मोजता मोजता मी माणसंही मोजायला शिकले. काही माणसं शीग लावून भरलेली असतात. वर ढीग दिसतो मोठा, पण तळवा फिरवला की तेवढा सगळा खाली. आमचे महादेवप्पा त्यातले. मूळचे मैंदर्गीचे, बोलणं गोड, अर्धं मराठी अर्धं कानडी, कुणाच्या घरी लग्न असलं की पहिला फेटा यांचा. मनानं वाईट नव्हते, खोटं कशाला बोलू? पण खुर्ची दिसली की त्यांना बसल्यावाचून राहवत नसे. देवळाच्या पंचांचे अध्यक्ष ते, तालमीचे अध्यक्ष ते, गळ्यात सूर नसताना भजनी मंडळाचेही अध्यक्ष ते. बाजारातले हमाल, मापाडी आणि धान्य निवडणाऱ्या बायका यांचं एक मंडळ होतं. त्याच्या अध्यक्षपदीही तेच. कसे झाले म्हणाल, तर दर वर्षी कुणीतरी म्हणे, "महादेवप्पा हायेत की!" मग टाळ्या पडत. टाळ्या कोण वाजवतो आणि कोण नुसते हात हलवतो, ते कधी कुणी मोजलं नाही.

अशात एक दिवस पोत्यांची थप्पी ढासळली. धान्य निवडणाऱ्या बायका आपली तान्ही पोरं झोळीत घालून थप्पीच्या आडोशाला टांगत. दुसरी सावली होती कुठं? निंगव्वाच्या सात महिन्यांच्या मुलीच्या झोळीवर पोतं घसरलं. मूल वाचलं, पाय मोडला.

त्या बायकांत सगळ्यात जुनी गोजाबाई. वळसंगची, सडसडीत, जिभेला धार. ती म्हणाली, "गोदामाचा शेवटचा खण पोरास्नी द्या. तितं पोतं ठिवायचं न्हाय." शिवयोगी मास्तर दुपारच्या सुट्टीत बाजारातल्या माणसांना अक्षरं शिकवायला येत. त्यांनी अर्ज लिहून दिला. नियम असा, की अर्ज मंडळाच्या अध्यक्षानं अडत्याकडं न्यायचा. अध्यक्ष महादेवप्पा आणि अडतेही महादेवप्पा! अर्ज त्यांच्या उजव्या खिशातून डाव्या खिशात गेला आणि तिथंच मुक्कामाला राहिला.

हे सारं एकोणीसशे सदतीस सालचं. त्या वर्षी प्रांताच्या निवडणुका झाल्या. आमच्या हमालांनी मिरवणुकीत झेंडे धरले, पण मत त्यांना नव्हतं. शेतसारा भरत नाहीत, लिहायला येत नाही, मग मत कसलं? दुपारी मास्तर वर्तमानपत्र वाचून दाखवत. त्यात राष्ट्रसभेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, अध्यक्षांना 'राष्ट्रपती' म्हटलेलं होतं.

गोजाबाईनं पाखडणं थांबवलं. "राष्ट्रपती मंजी राजाच की वो मास्तर?"

"नाही बाई. राजा जन्माला येतो. राष्ट्रपती निवडावा लागतो."

"कोन निवडतं?"

"जसा देश तशी रीत. अमेरिकेत लोक आधी निवडणारी माणसं ठरवतात आणि ती माणसं राष्ट्रपती ठरवतात. फ्रान्सात दोन सभांचे सभासद एकत्र बसून मतं टाकतात. आपल्या देशाचा राष्ट्रपती व्हायचा तेव्हा आपली रीत आपण ठरवू."

"आन् निवडला की मरस्तवर ऱ्हातो?"

"मुदत असते. मुदत संपली की घरी."

हमालांचा मुकादम येडू पोत्यावर आडवा झाला होता. तो म्हणाला, "घरी जाऊन काय करतो? ज्वारी निवडतो व्हय?"

"निवडंना का!" गोजाबाई म्हणाली. "तुज्यापरीस बरी निवडंल. मास्तर, पर खुर्चीत असंस्तवर मनाला यील ते करतो का त्यो?"

"घटना असते ना. म्हणजे नियमांचं पुस्तक. त्याबाहेर त्याला पाय टाकता येत नाही. देशाच्या नावानं तो सही करतो, पण देश त्याचा नसतो. तो देशाचा असतो."

गोजाबाईनं सूप खाली ठेवलं. "मग आपला अध्यक्ष बी तसाच निवडायचा. मत टाकून."

येडू हसत उठून बसला. "सरकार तुला मत देत न्हाय आन् तू राष्ट्रपती निवडाया निघालीस!"

"सरकार देत न्हाय म्हनूनच! हितलं मत तरी कुनाच्या बाला इचारून घ्यायचं हाय?"

बातमी महादेवप्पांच्या गादीपर्यंत गेली. ते पोट धरून हसले. "हमालांचा राष्ट्रपती! होऊन जाऊ दे की. माझ्यासमोर उभं कोण राहतंय?"

"मी," गोजाबाई म्हणाली.

"बाईमाणूस?"

"मालक, पाय मोडला ती बी बाईमाणसाचीच पोरगी हुती."

महादेवप्पांचं हसू तिथं थांबलं.

आता मत टाकायचं कशात आणि कसं? पुष्कळांना वाचता येत नव्हतं. सिद्धाप्पानं तोड काढली. पेटी म्हणून मला मांडायचं. महादेवप्पांसाठी ज्वारीचा दाणा, गोजाबाईसाठी हरभरा. प्रत्येकाला दोन्ही दाणे द्यायचे. गोणपाटाच्या पडद्याआड जाऊन एक माझ्यात टाकायचा आणि एक तिथल्याच पोत्यात.

मित्रांनो, त्या दिवशी माझ्यात पडलेलं प्रत्येक मत मी ओळखते. दाणा कपाळाला लावून टाकणारी कोण, दोनदा पुढं होऊन दोनदा मागं फिरलेला कोण, सगळं मला ठाऊक आहे. येडू मुकादमानं काय टाकलं ते ऐकलंत तर हसाल. पण मी सांगणार नाही. महादेवप्पांनी विचारलं असतं तरी सांगितलं नसतं, आणि गोजाबाईनं विचारलं असतं तरीही नाही. मत गुप्त असतं.

दुपारी मास्तरांनी मला चादरीवर ओतलं. हरभरे निघाले एकोणतीस. ज्वारीचे दाणे निघाले बावन्न.

"बावन्न!" येडू ओरडला आणि हार आणायला धावला.

"थांब," मास्तर म्हणाले. "बावन्न आणि एकोणतीस, एक्याऐंशी. माझ्या वहीत मत टाकणाऱ्यांच्या खुणा आहेत सत्तावन्न. हे चोवीस जण कुठून आले?"

"बायांनी मूठमूठ टाकली आसंल," येडू म्हणाला.

"आरं शान्या," गोजाबाई कडाडली, "बायांनी टाकली असती तर हरभरं वाढलं नसतं का?"

एकच गलका उठला. कुणी म्हणे चोरी झाली, कुणी म्हणे झालं ते झालं, हार घाला आणि मोकळे व्हा. तेवढ्यात सिद्धाप्पा पुढं आला. त्याचा चेहरा पोत्यासारखा पडला होता.

"चोरी न्हाय. ती चिमूट माजी हाय," तो म्हणाला. "रिकामं माप मी कदी मांडत न्हाय. लाभ म्हनून चिमूटभर ज्वारी टाकतो न् मग मांडतो. सकाळी बी टाकली. हात सवयीनं गेला. मत हाय का धान्य हाय, हाताला काय कळतं?"

महादेवप्पांनी त्याच्याकडं रोखून पाहिलं. "सिद्धाप्पा, वीस वर्षं माझ्याकडं काम करतोस. तू कुणाचा माणूस?"

"तुमचाच की, मालक. पर माप सगळ्यांचं हाय."

खरं सांगते, माझ्या काठाची पट्टी त्या क्षणी नवी असल्यासारखी मला वाटली.

मास्तरांनी बोटांवर हिशेब केला. बावन्नातून चोवीस गेले, उरले अठ्ठावीस. हरभरे एकोणतीस. "गोजाबाई, एका मतानं तुम्ही आलात!"

बायकांनी आरोळी ठोकली. गोजाबाईनं हात वर केला.

"न्हाय. वजाबाकी करून मी राष्ट्रपती व्हनार न्हाय. आज ज्वारीची चिमूट निघाली. उद्या कुनी म्हनंल, हरभऱ्याची बी हुती. परत टाका समद्यांनी."

"अगं, हातात आलेलं घालवतीस?" निंगव्वा तिला ढोसत पुटपुटली. तिच्या कडेवर पायाला पट्ट्या बांधलेली मुलगी होती. त्या खणावाचून निंगव्वाला पोर ठेवायला जागा नव्हती, तरी तिचं न ऐकता गोजाबाई पुढं झाली.

तिनं मला उचललं आणि सरळ उपडं केलं. बुडावर तीन थपडा मारल्या. सिद्धाप्पानं डोळे मिटून घेतले, कारण जन्मात कधी त्यानं मला रितं मांडलं नव्हतं. मग ती मला घेऊन एकेकापुढं गेली. "बघा आत. हात घाला. हाय काय?" महादेवप्पांच्यापुढंही गेली. त्यांनीही हात घातला. माझा तळ त्या दिवशी सत्तावन्न जणांनी पाहिला. मला लाज वाटली नाही. आत काही नाही हे दाखवायला धैर्य लागतं, मित्रांनो.

दुसऱ्यांदा मतं पडली. ज्वारी बावीस. हरभरे पस्तीस. बेरीज सत्तावन्न.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजाबाई गादीपुढं उभी राहिली.

"ठेव अर्ज. बघतो," महादेवप्पा म्हणाले.

"काल मी गोजाबाई हुते, मालक. तवा ठिवला असता. आज मंडळाच्या नावानं आलेय. तुमी बघस्तवर हितंच उभी ऱ्हाते."

ती उभी राहिली. तिच्यामागं निंगव्वा येऊन उभी राहिली, मग बाकीच्या बायका, मग एकेक हमाल. गाडीवरची पोती गाडीवरच राहिली. महादेवप्पांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला, "एनु, काय ही बाई!" म्हणून कपाळावर हात मारला आणि सही केली. संध्याकाळच्या आत खण रिकामा झाला आणि तिथं नऊ झोळ्या लागल्या.

वर्षानं गोजाबाईची मुदत भरली. लोक म्हणाले, आणखी बस. "मास्तरांनी आपल्या नियमांच्या पुस्तकात एक वर्स लिवलंय," म्हणून ती उठली आणि पाखडायला जाऊन बसली. त्यानंतर मतांनी सिद्धाप्पा निवडून आला. पुढं त्याची नजर अधू झाली, तो गावी गेला. बाजारात सरकारी शिक्क्याची नवी मापं आली आणि माझी रवानगी या कोपऱ्यात झाली. त्याचं मला काही नाही. माप जुनं होतं, तसं माणूसही होतं.

पण या वर्षी अध्यक्ष निवडायची मंडळाची सभाच झाली नाही. महादेवप्पा म्हणाले, यंदा कशाला उगाच? सगळे आपापल्या कामाला लागले. काल शेवटच्या खणात दोन पोती आली. आज सकाळी आणखी तीन. सुपाच्या फटीतून मला दिसतात. एक झोळी सरकवून बाहेर टांगली आहे.

म्हणून मित्रांनो, मला घासून फळीवर मांडा असं मी म्हणणार नाही. मला मोडीत घाला असं तर मुळीच म्हणणार नाही. हे सूप बाजूला करा, मला बाहेर काढा आणि सभा बोलवा. सगळ्यांसमोर मला उपडं करा. कुणी म्हणेल, आपलीच माणसं आहेत, बघायचं काय त्यात? त्याचाच हात धरून आधी माझ्यात घाला. मग दाणे वाटा. मात्र लवकर करा, सहावं पोतं आत्ताच गाडीवरून उतरलं आहे.