काचपेटीतली वाळू

ज्योतीरामला माशांचं वेड लागलं, तेव्हाच त्याच्या बायकोनं, यशोदाबाईनं, कपाळावर हात मारून घेतला होता. पिंपरीच्या नव्या कारखान्यात फिटरची बरी नोकरी लागलेली, कॉलनीत खोली मिळालेली, आणि या गृहस्थानं काय करावं? लोखंडी चौकटीत काचा बसवून पेटी केली आणि पुण्याहून मासे आणले! खायचे नव्हेत हो, नुसते बघायचे.

पहिल्या खेपेला त्यानं पेटीच्या तळाला बांधकामावरची वाळू घातली. तिच्यात चुना मिसळलेला. पाणी ताकासारखं पांढरं झालं आणि मासे उताणे पडले. दुसऱ्या खेपेला ओढ्याची वाळू न धुताच ओतली. गाळ काही केल्या खाली बसेना, तेही मासे गेले. यशोदाबाईला जीव मेलेला बघवत नसे. तिनं डोळे पुसले आणि बजावलं, "आता आणिक एक मासा जरी मेला, तर ही पेटी उकिरड्यावर टाकीन. सांगून ठेवते."

ती बोलली की करून दाखवते, हे ज्योतीराम पुरतं ओळखून होता. म्हणून तिसऱ्या खेपेची वाळू त्यानं पावसाळ्याच्या आधीच चऱ्होलीला जाऊन, इंद्रायणीच्या पात्रातून सायकलवर आणली. गव्हाच्या चाळणीनं चाळली आणि त्यावरून बोलणी खाल्ली. वर लिंबू पिळून पाहिलं. फेस आला नाही, म्हणजे चुना नाही. मग धुणं सुरू झालं. बादलीत वाळू ढवळायची, गढूळ पाणी ओतायचं, पुन्हा नवं पाणी. शेजारी विचारायचे, "काय राव, वाळूचा भात लावताय काय?" पण पाणी नितळ होईस्तोवर गडी हटला नाही. भाद्रपदात उघडीप मिळाली, तशी वाळू ओसरीत पोत्यावर पसरून तो शिफ्टला गेला. नवे मासे घागरीत होते.

परत येऊन बघतो, तर पोतं रिकामं!

"अगं, माझी वाळू कुठाय?" ओरडतच तो आत शिरला आणि दारातच थबकला. शेजारपाजारच्या बायका नटूनथटून बसलेल्या. समोर पाटावर वाळूच्या पिंडी, त्यांवर बेल, फुलं, हळदकुंकू. अरे देवा, आज हरितालिका!

शेजारच्या इंदुताई हसून म्हणाल्या, "नद्या दुथडी भरल्यात भावजी, वाळू आणायची कुठून? अख्ख्या कॉलनीत इतकी स्वच्छ वाळू तुमचीच."

आता काय बोलणार, कप्पाळ? बायका नवऱ्याच्या आयुष्यासाठी पाण्याचा थेंब न घेता बसलेल्या, आणि नवऱ्यानं वाळू परत मागायची? राग गिळून तो बाहेर जाऊन बसला. घागरीतले मासे वर येऊन तोंडं उघडत होते. सकाळी पिंडी नदीत सोडणार. म्हणजे वाळू गेली, मासे गेले आणि पेटीही गेली. त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

सकाळी उत्तरपूजा झाली. बायका पिंडी घेऊन नदीवर निघाल्या, तशी यशोदाबाई दारात आडवी उभी राहिली.

"पाण्यातच सोडायच्या ना? मग पाणी आमच्या घरात हाय की."

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. इंदुताईंना आधी हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. यशोदाबाईनं फुलं आणि कुंकवाचा वरचा थर तुळशीत घातला. राहिलेली वाळू स्वतः धुवायला बसली, आणि ज्योतीरामनं "पुरे" म्हटलं तरी उठेना. मग वाळू पेटीत सारखी पसरली, वर ताटली ठेवून हळूहळू पाणी सोडलं. तळ जागचा हलला नाही. मासे सोडले, तसे सरळ खाली जाऊन वाळू टोचायला लागले.

ज्योतीरामचा जीव भांड्यात पडला. "म्हंजे आता पेटी टाकणार न्हाईस तू?"

"काय बोलता! म्हादेव हाय तिच्यात. ती कशी टाकीन?" यशोदाबाईनं पदर खोचला. "आता मासा मेला, तर तुमी जायचं भाईर."