सहावा विषय

रंभाबाईंच्या खुर्चीचे मागचे दोन पाय पुढच्या पायांपेक्षा जास्त झिजले होते. सभेच्या खोलीतल्या दुसऱ्या कुठल्याही खुर्चीची अशी झीज नव्हती. बाकीचे सभासद सभा संपल्यावरच उठत. रंभाबाईंना मध्येच एकदा खुर्ची मागे सरकवून उठावे लागे.

सोलापूरच्या पेठ सुधार कमिटीत त्या एकट्याच बाई, कलेक्टरांनी नेमलेल्या. आल्या त्याच वर्षी त्यांनी भवानी पेठेत बायकांसाठी संडास बांधण्याचा ठराव दिला होता. तो विषय निघाला की अध्यक्ष आबासाहेब पानाचा डबा मिटत आणि अदबीने म्हणत, "बाईसाहेब, विषय जरा तसला आहे." बाईमाणसासमोर असले बोलायचे नाही, ही रीत. रंभाबाई व्हरांड्यात जात. निंगप्पा शिपाई बोलवायला येई तोवर विषय पुढच्या सभेवर गेलेला असे. उठू नये असे त्यांना दर वेळी वाटे, आणि दर वेळी त्या उठत.

आज सभेआधी कमलम्मा व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसली होती. ती भवानी पेठेत घरच्या हातमागासाठी सुताच्या कांड्या भरायची. ऊन वैशाखाचे होते. रंभाबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"घे की. ओठ सुकलेत तुझे."

"नको बाई. पानी प्यालं की जावं लागतंय. दिवसाउजेडी कुटं जायचं? सून बी तसंच करती. पोटुशी हाय. काल मागापाशीच चक्कर येऊन पडली."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"लई पानी पाज म्हनले." कमलम्मा हसली. "त्यांचं काय जातंय म्हनायला."

निंगप्पा दारातून म्हणाला, "बाईसाब, आत चला. तुमचा इषय आला की परत बाहेर यायचं हायच की."

"मग मी हितंच बसते," कमलम्मा म्हणाली. "तुमाला सोबत हुईल."

सहावा विषय आला. आबासाहेबांनी डबा मिटला.

"बाईसाहेब, तेवढं जरा..."

शेजारच्या धोंडप्पांनी वाट देण्यासाठी पाय आधीच आखडून घेतले होते. "जावा बाई, तेवढंच वारं लागंल," ते म्हणाले. कोणीतरी हसले.

रंभाबाईंनी खुर्ची मागे सरकवली. दारातून बाक दिसत होता. त्यांच्यासाठी जागा करून कमलम्मा कडेला सरकली होती. तांब्या तसाच भरलेला होता.

त्यांनी खुर्ची पुन्हा पुढे ओढली.

"आबासाहेब, मी बाहेर जाणार नाही. बायकांच्या संडासाचा विषय आहे. वाचा."